घराची तुळई आणि देवीची रोयण

उत्तर गोव्यातील पेडणे आणि डिचोली या तालुक्यांत वाळवीशी माणसाचे नाते एकपदरी कधीच नव्हते. घराच्या तुळईवर मातीची बारीक वळकटी चढलेली दिसली की घरधन्याच्या तोंडचे पाणी पळते. आणि तीच वाळवी गावच्या राईत मातीचे शिखर उभारू लागली की तिच्यापुढे नारळ ठेवून हात जोडले जातात. वारुळाला या भागात रोयण म्हणतात, आणि रोयण हेच सातेरीचे मूळ रूप होय. एका घरात जिचा नायनाट करावयाचा तिच्याच हातची माती दुसऱ्या घरात, म्हणजे देवळात, पूजावयाची, हा विरोध येथील लोकांनी शतकानुशतके सांभाळला. त्यामुळे या प्रदेशातील गृहरक्षणाचा इतिहास हा केवळ औषधांचा आणि उपायांचा इतिहास नाही.

डिचोली तालुक्यातील पाळी गावाची जमीन पाहिली म्हणजे या नात्याचे मूळ ध्यानात येते. वेळगे, सुर्ल, पाळी हा सारा पट्टा लोहखनिजाचा. वरचा थर जांभ्याचा, त्याखाली व त्याच्या भेगांतून लालसर चिकणमाती. या दगडाला फ्रान्सिस बुकानन याने १८०७ साली विटेच्या लॅटिन शब्दावरून ‘लॅटराइट’ असे नाव दिले, कारण तो जमिनीतून काढताना विटेसारखा कापता येतो आणि उघड्यावर पडला की टणक होतो. सच्छिद्र दगड, आत ओलसर माती, वर वर्षाकाठी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस! वाळवीला याहून सोयीची भूमी शोधून सापडणार नाही. पाळीपासून जवळच, साखळीनजीक, हरवळ्याची लेणी याच जांभ्यात सहाव्या-सातव्या शतकाच्या सुमारास कोरली गेली. ती आजही उभी आहेत. ती कोरणारे ज्या घरांत राहत असतील त्यांतले एकही लाकूड उरलेले नाही, आणि ते का उरले नाही हे या भागातील सुताराला विचारण्याची गरज पडत नाही.

घर बांधण्यापूर्वी वारुळाचा विचार करावा, ही रीत फार जुनी आहे. सहाव्या शतकातील वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त भूगर्भातील पाण्याचा शोध कसा घ्यावा याचा एक संपूर्ण अध्याय लिहिला असून त्यात वारूळ ही पाण्याची एक महत्त्वाची खूण मानली आहे. जांभळीच्या झाडाच्या पूर्वेस जवळच वारूळ असेल, तर झाडाच्या दक्षिणेस दोन पुरुष खोलीवर गोडे पाणी लागेल, असे तो सांगतो. यात नुसती श्रद्धा आहे असे समजण्याचे कारण नाही. वाळवीची कातडी पातळ असते; कोरड्या हवेत ती तग धरू शकत नाही, म्हणून वारुळातील हवा दमट ठेवण्यासाठी तिला खालून ओलावा आणावाच लागतो. वास्तुशास्त्राच्या ग्रंथांनी मात्र वारूळ असलेली भूमी घरासाठी वर्ज्य ठरविली. विहिरीला जी जागा उत्तम ती घराला वाईट! ज्यांनी हे दोन नियम घडविले त्यांची नजर एकाच वस्तूवर होती.

गावाने मात्र तिसरी वाट काढली. रोयण जेथे असेल ती जागा देवीची, तेथे घर नाही, नांगर नाही, कुऱ्हाड नाही. गोव्यात व शेजारच्या सिंधुदुर्गात सातेरीची देवळे गावोगाव आहेत. वेंगुर्ल्याची सातेरी तर प्रसिद्धच आहे. अनेक ठिकाणी गर्भगृहात घडविलेली मूर्ती नव्हतीच. जमिनीतून वर आलेली रोयण आणि तिच्यावर चढविलेला मुखवटा, एवढेच देवीचे रूप. भूमी सुपीक करणारी, पोटात पाणी राखणारी, सापालाही आसरा देणारी अशी ही माता. पुढे काही ठिकाणी तिला शांतादुर्गेचे नाव मिळाले. सोळाव्या शतकात केळशीहून कवळ्यास नेलेल्या शांतादुर्गेचे मूळचे संतेरी हे नाव याच ओळखीची साक्ष देते.

पेडणे-डिचोलीत ही परंपरा अधिक अखंड राहिली, याला राजकीय कारण आहे. तिसवाडी, बारदेश आणि सासष्टी हे तालुके सोळाव्या शतकातच पोर्तुगीजांच्या हाती गेले आणि तेथील देवळे त्याच शतकात पाडली गेली. डिचोली व सत्तरी हे भाग मात्र सावंतवाडीकर भोसल्यांकडून अठराव्या शतकाच्या अखेरीस पोर्तुगीजांकडे आले, पेडणे तर १७८८ मध्ये. तोपर्यंत देवळे पाडण्याचा उत्साह ओसरला होता आणि नव्या काबिजादींतील लोकांच्या चालीरीतींना हात न लावण्याचे धोरण ठरले होते. त्यामुळे राया राहिल्या, रायांतल्या रोयणी राहिल्या, आणि रोयणीबरोबर एक पक्वान्नही राहिले. पावसाळ्यात वारुळावर उगवणारी अळंबी, कोकणीतील अळमी, हा गोव्याच्या ताटातला मोठा मानाचा पदार्थ. वारूळ करणारी वाळवी लाकूड व पाचोळा चावून त्याचे लगदे आत रचते आणि त्यावर एका विशिष्ट बुरशीची शेती करते. त्या बुरशीनेच तो चोथा तिला पचण्याजोगा होतो. आपण खातो ती अळंबी म्हणजे त्या शेतीला आलेले फूल. रोयण फोडली की अळंबी संपते, हे खेड्यातल्या माणसाला शास्त्रज्ञाने सांगावे लागले नाही. अलीकडे बाजारात तिचा भाव इतका चढला आहे की जे धर्माने राखले ते आता दरानेच ओरबाडले जाते.

येथे एक गैरसमज दूर करावयास हवा. रोयण बांधणारी वाळवी प्रामुख्याने पाचोळा, वाळके गवत, शेण व पडलेले लाकूड यांवर जगते. संधी मिळाली तर घराचे लाकूडही ती सोडत नाही. परंतु घराला आतून पोखरणाऱ्या वाळव्यांत असे काही प्रकार आहेत की ते डोळ्यांना दिसणारे वारूळ मुळी बांधतच नाहीत. ते जमिनीखाली किंवा भिंतीच्या पोटात गुपचूप नांदतात. भारतात वाळवीच्या सुमारे तीनशे जाती ज्ञात आहेत. त्यांतील थोड्याच इमारतीच्या खऱ्या वैरी. म्हणजे गावाने जिची पूजा केली आणि ज्या शत्रूने त्याचे घर खाल्ले, ते पुष्कळदा एक नव्हतेच. अंगणापलीकडची रोयण उकरून टाकली की घर वाचले, ही समजूत म्हणूनच खोटी ठरते.

मग घर वाचविले कशाने? प्रथम बांधणीने. या भागातील जुन्या घराचे जोते पुरुषभर नसले तरी कमरेइतके उंच असते. ते जांभ्याच्या चिऱ्यांचे. लाकडी खांब कधीही जमिनीत पुरला जात नसे. तो दगडी तळखड्यावर उभा राही. वाळवीला उजेड व वारा सोसत नाही, म्हणून जमिनीतून लाकडापर्यंत पोहोचताना ती मातीची बंद नळी बांधत येते. भिंतीच्या आतून तिला आडोसा मिळतो. पण उघड्या तळखड्यावरून चढताना ती नळी बाहेर बांधावीच लागते आणि ती दिसते. तळखडा वाळवीला अडवीत नाही, तो तिला उघडी पाडतो. जुन्या कारागिराची सारी युक्ती यात होती. जेथे चिऱ्यांच्या सांध्यांत चुन्याऐवजी नुसती माती भरली गेली, तेथे मात्र हे सारे शहाणपण वाया जाई. गरिबाच्या घरात चुना परवडत नसे. भिंतीच्या पोटातून वाळवी थेट आढ्याला जाऊन भिडे.

दुसरा आधार लाकडाच्या निवडीचा. सागवान सर्वांत विश्वासाचा, परंतु तो श्रीमंतांचा. त्याखालोखाल फणस, खैर, किंदळ आणि गोव्याने पुढे राज्यवृक्षाचा मान दिलेली माट्ट. यांतही गाभा कोणता आणि कवळा भाग कोणता हे पाहणे आवश्यक असे, कारण सागाचाही बाहेरचा पांढरा थर वाळवी आवडीने खाते. टिकतो तो गाभा. माडाच्या जुन्या झाडाची बाहेरची काळपट, कठीण पाटी वाशांसाठी घेत, आतला भुसभुशीत भाग टाकून देत. बांबू वाहत्या पाण्यात किंवा खाजणाच्या चिखलात काही आठवडे बुडवून ठेवण्याची रीत होती. त्यातील पिठूळ सत्त्व पाण्यात उतरते आणि कीड त्याकडे फिरकेनाशी होते, हे त्याचे आजचे स्पष्टीकरण. त्या वेळी ‘बांबूचा गोडवा काढणे’ एवढे म्हणणे पुरेसे असावे. मंगळूर येथे बासेल मिशनने १८६५ साली कौलांचा कारखाना काढल्यावर हळूहळू गवत, झावळ्या आणि नळ्यांचे छप्पर जाऊन मंगळुरी कौले आली. छप्पर सुधारले खरे. पण कौलांखाली कापलेल्या रीपांच्या रांगा लागू लागल्या, आणि स्वस्त रीप म्हणजे बहुधा कवळ्या लाकडाची. एक दार बंद करताना दुसरे उघडले गेले.

लाकडाला लावावयाच्या तेलांची गोष्ट रंजक आहे. बिब्ब्याचे तेल आपल्याकडे फार प्राचीन काळापासून माहीत. त्याच कुळातला काजू पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणला. फळाची पुढे फेणी झाली, गर परदेशी गेला, आणि भाजताना टरफलातून गळणारे काळे, हात भाजणारे तेल गावाच्या कामी आले. होडीच्या फळ्या, मासेमारीची जाळी, दाराच्या चौकटी, भिंतीत जाणारी तुळयांची टोके, सारे या तेलाने माखले जाई. त्यातील तीव्र द्रव्ये वाळवीला खरोखरच घातक आहेत, हे आधुनिक परीक्षणांनीही मान्य केले आहे. राज्यकर्त्यांनी आणलेल्या झाडाने प्रजेची तुळई वाचविली, असे गमतीने म्हणता येईल. करंजाचे तेल व पेंड, कडुनिंबाचा पाला, शिंपल्यांचा चुना, मिठागरातले मीठ, चुलीची राख यांचाही वापर होई. या सर्वांची शक्ती सारखी नव्हती. राख आणि मीठ पहिल्या दोन पावसांत वाहून जात. त्यांवर फार विसंबणाऱ्याचे नुकसानच झाले असेल.

तथापि बांधणी, लाकूड आणि तेल या तिहींपेक्षा अधिक काम केले ते नजरेने, आणि ती नजर बहुतांशी स्त्रियांची होती. शेणाने जमीन सारवणारी बाई भिंत आणि जमीन यांचा सांधा आठवड्यातून दोनदा हाताने चाचपते. मातीची नळी बोटभर वाढण्यापूर्वीच तिच्या हाती लागते आणि पुसली जाते. चुलीच्या धुराने वरचा माळा काळा व कोरडा राही. त्याने जमिनीतून येणारी वाळवी थांबत नसली तरी लाकडाला बुरशी व भुंगा लागत नसे, आणि सडलेल्या लाकडाकडे वाळवी जशी धावते तशी सुक्या लाकडाकडे धावत नाही. पावसापूर्वी कौले परतताना रीप अन् रीप पाहिली जाई. दसऱ्याला पोथ्या बाहेर निघत. चतुर्थीला गणपतीवर माटोळी बांधावयाची म्हणजे कोणाला तरी वर चढून तुळईला दोर आवळावा लागे. फळांचा एवढा भार टांगताना तुळई पोकळ वाजते की भरीव, हे कळल्यावाचून राहत नसे. या विधींचा हेतू तो नव्हता, परंतु घराची वार्षिक तपासणी त्यांनी आपोआप करून घेतली.

कागदांच्या नशिबी अशी नजर क्वचित आली. गोव्यात १५९५ साली पोर्तुगीज सरकारने दप्तरखाना स्थापन केला आणि इतिहासकार दियोगु द कोतु याची त्यावर नेमणूक केली. चार शतकांचा हा संग्रह आशियातील जुन्या दप्तरांपैकी एक. दमट हवा, कसर आणि वाळवी यांनी त्याला पुष्कळ छळले. अर्थात सगळा दोष किड्यांच्या माथी मारणे न्यायाचे नाही. त्या काळच्या लोहयुक्त आम्ल शाईने अक्षराखालचा कागद स्वतःच जाळला आहे. डॉ. पांडुरंग पिसुर्लेकर (१८९४–१९६९) यांनी या जीर्ण बाडांची वर्गवारी लावण्यात आयुष्य वेचले आणि १९५५ साली त्यांची मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. मराठ्यांच्या इतिहासाला लागणारे कितीतरी कागद त्यांच्यामुळे वाचकांपर्यंत आले. घराघरांतील मोडी दस्तऐवजांना मात्र असा राखणदार नव्हता. लाल कापडाचे बासन, आत वेखंडाचा तुकडा, आणि पेटीला चार पाय, एवढ्यावर जमिनीचे हक्क टिकून राहत. पेटीचा पाय ओल्या भिंतीला टेकला की हक्काचा पुरावा मातीत जाई. नव्या राजवटीत जमिनीचे वाद उभे राहिले तेव्हा ज्यांच्या पेट्या वाचल्या त्यांच्या म्हणण्याला वजन आले.

युरोपीय लोकांना या किड्याचा परिचय वसाहतींमुळेच झाला. लिनियसने अठराव्या शतकात वाळवीला पूर्व आणि पश्चिम अशा दोन्ही इंडीजवरील सर्वांत मोठे संकट म्हटले. हेन्री स्मीथमन याने १७८१ मध्ये आफ्रिकेतील वारुळांचे सविस्तर वर्णन लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे ठेवले, तेव्हा अनेकांना ते अतिशयोक्त वाटले. सेंट हेलिना बेटाच्या रहिवाशांनी मात्र पुढे त्यावर विश्वास ठेवला असेल. हे बेट १५०२ साली हिंदुस्थानातून परतणाऱ्या पोर्तुगीज खलाशांना सापडले होते. १८४० च्या सुमारास तेथील जेम्सटाउन गावी पकडून आणलेले गुलामांचे एक जहाज मोडण्यात आले आणि त्याच्या लाकडाबरोबर वाळवी बेटावर उतरली. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत अर्धेअधिक गाव पोखरले गेले. घरे पुन्हा बांधावी लागली. जुने लाकूड अंगणात रचून ठेवू नये, असे आपल्याकडील वडीलधारी मंडळी सांगत. त्या उपदेशाला इतके मोठे उदाहरण दुसरे नाही.

गोवा १९ डिसेंबर १९६१ रोजी मुक्त झाला आणि त्यानंतरच्या दशकांत सिमेंट व काँक्रीट घरोघर आले. वाळवी सिमेंट खात नाही, म्हणून प्रश्न मिटला, असे लोकांना वाटले. तो मिटला नाही. जोत्याला पडलेल्या केसाएवढ्या चिरेतून ती दाराच्या चौकटीत शिरते. याच सुमारास रासायनिक औषधे हाती आली होती. भारतीय मानक संस्थेने १९७१ मध्ये इमारतींच्या वाळवीप्रतिबंधाचे मानक प्रसिद्ध केले. ॲल्ड्रिन, हेप्टाक्लोर, क्लोर्डेन यांचे पाण्यात कालविलेले मिश्रण पायाच्या मातीत मुरवावे, जोत्याच्या भरावावर दर चौरस मीटरला ५ लिटर या प्रमाणात, असे त्याने सांगितले. परिणाम वर्षानुवर्षे टिके, आणि नेमके तेच त्याचे वैगुण्य ठरले. रेचल कार्सन यांनी १९६२ मध्येच या औषधांच्या चिवटपणाकडे जगाचे लक्ष वेधले होते. २००१ सालच्या स्टॉकहोम करारात ज्या बारा द्रव्यांवर प्रथम बंदी वा बंधन आले, त्यांत ही तिन्ही होती. त्यांच्या जागी आलेले क्लोरपायरिफॉसही मे २०२५ मध्ये, काही सवलती ठेवून, त्याच यादीत गेले.

पाळीसारख्या गावात हा प्रश्न पुस्तकी राहत नाही. येथे घराच्या परसात विहीर असते, आणि जांभा हा गाळणीसारखा दगड आहे. पायात ओतलेले औषध चार पावसांनंतर कोणत्या भेगेने कोणाच्या विहिरीत उतरेल, हे सांगता येत नाही. पिण्याच्या पाण्याच्या विहिरीजवळ विशेष काळजी घ्यावी, असे मानकातच लिहिले आहे. पण मानक वाचून काम करणारा मुकादम विरळा. वराहमिहिराने जिथे वारूळ तिथे पाणी असे म्हटले होते. वारूळ मारण्यासाठी जमिनीत जे घातले जाते ते पाण्यापर्यंत पोहोचते, हे त्याच वाक्याचे आजचे उत्तरार्ध समजावे.

आज घरे पडतात ती बहुतेक बंद असल्यामुळे. पेडणे-डिचोलीतील माणसे पोटासाठी मुंबईस गेली, नंतर आखाती देशांत गेली, आता पणजी-म्हापशाच्या सदनिकांत राहतात. चूल विझली, सारवण थांबले, कौले परतणारा मिळेनासा झाला. वर्षातून एकदा चतुर्थीला दार उघडावे तो तुळई वरून गुळगुळीत आणि आतून पोकळ. अशा वेळी घाईने सगळे घर औषधाने भिजविण्याआधी जाणकार सुतार तीन गोष्टी पाहतो: कौलातून पाणी कोठे झिरपते, भिंतीला लागून माती किंवा सरपण कोठे साठले आहे, आणि नळी जमिनीतून नेमकी कोठून वर चढते. गळती बंद करून, माती दूर करून, तेवढ्याच जागी औषध टोचले तर पुष्कळदा काम भागते, आणि विहीरही सुरक्षित राहते.

देवळांत मात्र पेच अधिक अवघड आहे. सातेरीच्या जुन्या देवळात गर्भगृहाची रोयण आणि सभामंडपाचे कोरीव लाकडी खांब यांच्यात पाच-सात पावलांचेच अंतर असते. खांब वाचवावा म्हणून मंडपाच्या जमिनीत औषध मुरविले तर ते रोयणीपर्यंत जाण्याची भीती. न मुरविले तर खांब जाण्याची. काही गावांनी लाकूडच काढून काँक्रीट घातले आणि फरशी बसविली. त्यात कोरीव काम गेले आणि जमिनीचा श्वासही कोंडला. जेथे समित्यांनी थोडा धीर धरला, तेथे खांबाचा सडलेला बुंधा वीतभर कापून त्याखाली उंच तळखडा बसविणे, टोकाला काजूचे तेल पाजणे आणि तळखड्याभोवतीची जागा रोज झाडून मोकळी ठेवणे, हा जुना मार्ग अजूनही खुला आहे. तो स्वस्त नाही, कारण त्याला हाताचा धनी असलेला सुतार लागतो आणि रोज सकाळी खांबाच्या पायाकडे पाहणारा माणूस लागतो.